चावीसकट गेलेले दोघे

सोसायटीच्या सभेत गप्प बसावं, चहा प्यावा आणि घरी यावं, हे धोरण अतुल जांभूळकरने आठ वर्षं निष्ठेने पाळलं होतं. परंदवडीच्या अलीकडे, शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या 'इंद्रायणी छाया' सोसायटीत शांततेने जगण्याचा तो एकमेव मार्ग आहे हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण त्या दिवशी पाण्याचा विषय निघाला, ए विंग आणि सी विंग एकमेकांवर धावून जायच्या बेतात आल्या, आणि अतुलच्या तोंडून निघून गेलं, "यात काय एवढं? एक छोटासा सर्व्हर लिहिला की झालं."

चहावाटप थांबलं. चेअरमन बाजीराव केदारींनी चष्मा कपाळावर चढवून अतुलकडे असं पाहिलं, की इतकी वर्षं हा माणूस आपल्यात होता कुठे! ठराव दोन मिनिटांत मंजूर झाला. लिफ्टचा दिवा बदलायचा ठराव याच सभेत तीन वर्षं पडून होता, हे जाता जाता सांगून ठेवलेलं बरं.

अतुल असं का बोलला, त्यालाही कारण होतं. हिंजवडीतल्या कंपनीत तो मॅनेजर झाल्यापासून सहा वर्षांत त्याने प्रोग्रामची एक ओळ लिहिली नव्हती. हल्ली टीममधली पोरं त्याला एखादी गोष्ट समजावताना मुद्दाम सावकाश बोलत, आणि शेवटी "सर, कळलं ना?" असं प्रेमाने विचारत. ते प्रेम त्याला फार लागलं होतं. आपण अजून संपलेलो नाही, हे त्याला कुणाला तरी दाखवायचं होतं. कंपनीत ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने सोसायटी निवडली.

तोवर पाण्याचा कारभार होता वॉचमन गेणूभाऊंकडे. सोसायटीत विंगा तीन, गच्चीवरच्या टाक्या तीन, आणि खालून पाणी चढवणारी मोटर एक. गेणूभाऊ कमरेइतकी उंच लोखंडी चावी घेऊन व्हॉल्व फिरवत आणि खालून ओरडत, "ए विंग, भरली का?" वरून उत्तर आलं नाही तर जिना चढून दार वाजवत. तरीही आमच्या विंगेला कमी पाणी येतं, असं तिन्ही विंगांचं ठाम मत होतं.

परवानग्यांमध्ये दीड महिना गेला. प्रत्येक विंगेचं ना हरकत पत्र लागेल, असं चेअरमन म्हणाले. सी विंगेच्या मारुतीरावांनी ते लगेच दिलं. त्यात एकूण अकरा हरकती होत्या. ए विंगेच्या चैतालीने सुचवलं, की फोनवर टाकीच्या जागी माठ दाखवावा आणि त्यात बुडबुडे यावेत. बाजीरावांचं म्हणणं एकच होतं, "पाणी कुणी घेतलं, कधी सोडलं, रजिस्टरला सही पाहिजे." अतुलने सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं फक्त माठाचं केलं.

सर्व्हर म्हणजे काय, हे त्याने बायकोला हॉटेलच्या भाषेत समजावलं. कुणाचा फोन जोडला गेला, की गिऱ्हाईक आत आलं असं समजायचं आणि त्याच्या दिमतीला एक स्वतंत्र वेटर द्यायचा. दहा गिऱ्हाइकं, दहा वेटर, कुणाचा कुणाला खोळंबा नाही. मोटर मात्र एकच, म्हणून तिची चावीही एकच. खरी नव्हे, संगणकाच्या आतली. ज्या वेटरच्या हातात ही चावी, त्याच्या विंगेला पाणी. गिऱ्हाईक 'पुरे' म्हणालं, की वेटर चावी जागेवर ठेवणार आणि पुढचा वेटर ती उचलणार.

"आणि गिऱ्हाईक पुरे म्हणालंच नाही तर?" अनघाने विचारलं. ती शाळेत गणित शिकवते.

"असं कसं होईल? भरलं की माणूस पुरे म्हणणारच."

अनघाने नुसतं हॉलकडे पाहिलं. हॉलमध्ये बाजीराव केदारी बसले होते.

बाजीराव रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी साडेसहाला ते "बसत नाही, निघतोच" असं म्हणून बसत आणि नवाला उठत. ते उठणंही तीन टप्प्यांत होई: एकदा सोफ्यावरून, एकदा दारातून आणि एकदा लिफ्टचं दार हाताने अडवून. "मी तेव्हा मिरज लाइनीला होतो..." ही त्यांची गोष्ट अतुलने चाळीस वेळा तरी ऐकली होती. खरं तर चाळीस वेळा सुरू झालेली ऐकली होती. गोष्ट मालगाडीपर्यंत आली की त्याचं मन ऑफिसात निघून जाई आणि मान तेवढी मागे हलत राही. आठ वर्षांत "आबा, आता पुरे" हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघाले नव्हते.

यंत्र सुरू झालं आणि पंधरा दिवस अतुलचे मोठे कौतुकाचे गेले. संगणक तळमजल्यावरच्या सोसायटीच्या ऑफिसात बसला, त्याच्याशेजारी मोटरचा डबा. गेणूभाऊंची लोखंडी चावी त्याच ऑफिसच्या कपाटात गेली. ऑफिसला बाजीरावांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेलं पितळी कुलूप लावलं आणि किल्ल्यांचा जुडगा स्वतःच्या खिशात ठेवला.

"सायब, येक चावी माज्याकडं असूंद्या," गेणूभाऊ म्हणाले. "ह्ये यंतर लय शानं हाय, पर शानं मानूस बी कंदी कंदी अडतंच की."

अतुल हसला. असं दयाळू हसू त्याला त्याच्या टीममधल्या पोरांनी शिकवलं होतं.

बी विंगेतल्या नंदाताई ओव्हाळ मात्र मनापासून खूश होत्या. त्या उर्श्याच्या कारखान्यांतल्या कामगारांचे डबे करत, पहाटेपासून. विहारातल्या वाचनालयाच्या उद्घाटनाचं दीडशे पानांचं जेवण त्यांना मिळालं होतं, येत्या रविवारी दुपारी. एवढं मोठं काम पहिलंच. आणि एका कारखान्याचं कँटीन बघणारे साहेब तिथे जेवायला येणार होते.

"त्यांना आवडलं ना अतुलदादा, तर सबंध शिफ्टचं जेवण देतो म्हणालेत. मग मी हाताखाली दोन बायका ठेवीन. फक्त त्या दिवशी पाण्याचं तेवढं..."

"नंदाताई, पाण्याची काळजी माझ्यावर सोडा," अतुल म्हणाला. हे वाक्य त्याने दोन्ही हात पसरून म्हटलं होतं, त्यामुळे नंतर ते विसरणंही अवघड झालं.

रविवारी सकाळी साडेसहाला चैतालीने ए विंगेसाठी 'सोडा' हे बटण दाबलं. माठात बुडबुडे यायला लागले. ते पाहून ती समाधानाने सहकुटुंब गाडीत बसली आणि मुंबईला निघाली. टाकी भरल्यावर रस्त्यातून 'पुरे' दाबू, असा तिचा विचार. पण टाकी भरायच्या वेळेला गाडी घाटातल्या बोगद्यात शिरली आणि फोनची रेंज गेली. बोगद्यातून बाहेर आल्यावर मुलाला उलटी झाली, आणि चैतालीच्या डोक्यातून माठ पार निघून गेला.

इकडे तिच्या वेटरला यातलं काही कळलं नाही. गिऱ्हाईक निरोप न घेता गेलं होतं. अतुलने वेटरला निरोपाची वाट बघायला शिकवलं होतं. किती वेळ बघायची, हे शिकवलं नव्हतं. तो बिचारा हातात मोटरची चावी घेऊन उभाच राहिला.

त्या वेळी अतुलच्या हॉलमध्ये बाजीराव बसलेले. रविवारी ते सकाळचीही फेरी करत. "मी तेव्हा मिरज लाइनीला होतो," त्यांनी सुरुवात केली, तेवढ्यात खालून गेणूभाऊंचा आवाज आला, "अतुलसायब! ए विंगची टाकी व्हातीया! जिन्यावनं पानी आलं की वो!"

अतुलने लॅपटॉप उघडला. खाली गेणूभाऊंनी मीटरच्या खोलीतला खटका पाडला आणि मोटर थांबली. पण पडद्यावर चैतालीचा वेटर तसाच उभा होता. त्याच्यामागे नंदाताईंचा वेटर रांगेत लागला होता. आता काय करावं याचा अतुल विचार करू लागला. विचाराला शांतता लागते.

"...तर सिंगल लाइन. गाडी सोडायची तर ड्रायव्हरला गोळा द्यायचा. लोखंडी गोळा, एवढा. आता तू विचारशील, गोळाच का?"

"आबा, एक मिनिट..."

"तेच सांगतोय. एक मिनिटाची चूक, आणि..."

फोन वाजला. नंदाताई. "अतुलदादा, डाळ धुवायची खोळंबलीय. फोनवर नुसतं थांबा-थांबा येतंय."

"...आणि मालगाडी उभी मधेच. साहेब माझ्यावर ओरडले, केदारी..."

"आबा, पुरे!" अतुल ओरडला. "उठा! घरी जा आता! दर वेळी तीच गोष्ट, कोण ऐकतंय इथे!"

घरात असा आवाज याआधी कधी झाला नव्हता. अनघा स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाजीरावांनी अर्धा कप चहा अगदी अलगद टीपॉयवर ठेवला, टोपी उचलली आणि एकाच टप्प्यात निघून गेले. दाराशी थांबले नाहीत, लिफ्टचं दार अडवलं नाही.

"काय बोललास हे?" अनघा म्हणाली.

"नंतर!" अतुल म्हणाला. आठ वर्षांचं साचलेलं एकदाच बाहेर पडल्यामुळे त्याला विलक्षण ताकद आली होती. त्याच ताकदीत त्याने चैतालीच्या वेटरलाही जागच्या जागी संपवून टाकलं. एक हुकूम, एक बटण. वेटर गेला. अतुलने खिडकीतून हात केला, गेणूभाऊंनी खटका वर केला आणि नंदाताईंना फोन गेला, "आता दाबा."

नंदाताईंनी दाबलं. फोनवर आलं, 'थांबा. चावी ए विंगेकडे आहे.'

अतुलने डोळे चोळले. मग त्याच्या लक्षात आलं. वेटर गेला होता, पण त्याच्या हातातली चावी त्याने कुठे ठेवली होती? कुठेच नाही. ठेवायला अतुलने त्याला वेळच दिला नव्हता. चावी घेऊनच तो नाहीसा झाला होता, आणि आता उरलेले सगळे वेटर जगाच्या अंतापर्यंत तिची वाट पाहायला तयार होते.

यावर उपाय सोपा होता. घरबसल्या संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा. अतुलने घाईघाईने तसा हुकूम सोडला. हुकुमाचे दोन प्रकार असतात. एकाने संगणक बंद होऊन परत चालू होतो, दुसऱ्याने नुसता बंद होतो. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या अतुल जांभूळकरने दुसरा हुकूम दिला.

आता त्या संगणकाचं बटण कुणीतरी बोटानेच दाबायला हवं होतं. बटण ऑफिसात, मोटरचा डबा ऑफिसात, गेणूभाऊंची लोखंडी चावी ऑफिसात. ऑफिसला पितळी कुलूप. कुलपाची किल्ली बाजीरावांच्या खिशात.

"लोणावळ्याला गेले," बाजीरावांच्या मंडळी दारातूनच म्हणाल्या. "येसूवन्संकडे. आत्ताच, लोकलने. फोन बंद करून ठेवलाय. तुम्ही काय बोललात हो त्यांना? चहा न घेता माणूस घराबाहेर पडला, लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पहिल्यांदा."

कुलूप फोडायचा प्रयत्न झाला. हातोडीचा दांडा तुटला, रेल्वेचं कुलूप तसंच राहिलं. मारुतीराव म्हणाले, की कुलूप फोडण्याचा ठरावच नाही, आणि ते नुसते उभे राहून बघायला लागले. टँकरवाला म्हणाला, दोननंतर. नंदाताई पदराला हात पुसत उभ्या होत्या. चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अतुलला वाटलं. त्याने स्कूटर काढली.

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी लोणावळ्याकडे जाणारा जुना हायवे म्हणजे काय, हे मावळातल्या माणसाला सांगायला नको. कामशेतपुढे गाड्या मुंगीच्या गतीने चालल्या होत्या. तीन गाड्यांनी अतुलला भुशी डॅमचा रस्ता विचारला. तिघांनाही त्याने तो नीट, खुणा सांगून समजावला. कुणाला मधेच तोडणं त्याला जमत नसे. जमलं होतं ते फक्त आज सकाळी, एकदाच, आणि तेही चुकीच्या माणसाच्या बाबतीत.

लोणावळ्याजवळ वलवणला येसूबाईंचं घर सापडलं तेव्हा साडेनऊ वाजले होते. बाजीराव ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"आबा, चुकलो मी."

बाजीरावांनी पाठ आणखी थोडी वळवली.

"आबा, नंदाताईंचं दीडशे माणसांचं जेवण अडलंय."

बाजीराव भिंतीकडेच बघत राहिले. येसूबाई ऐंशीच्या, चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "आल्यापास्नं ह्यो असाच बसलाय बग. त्वांड उघडना. जल्माचा बडबड्या मानूस, आन आज चिडीचूप. मला तर भ्याच वाटाया लागलं. काय म्हनलास रं त्येला?"

"म्हटलं... की तुमची गोष्ट कोण ऐकतंय."

"अरारा!" येसूबाई म्हणाल्या. "मंग आईक की आता."

अतुलने घड्याळ पाहिलं. आता एकच गोष्ट करण्यासारखी होती. तो खाली जमिनीवर मांडी घालून बसला. "आबा, मालगाडी मधे उभी राहिली. पुढे काय झालं? खरंच मला माहीत नाही. चाळीस वेळा ऐकलीय, पण शेवट ऐकलेला नाही."

भिंतीकडे असलेलं तोंड थोडंसं वळलं. "चाळीस वेळा ऐकलीस आणि शेवट माहीत नाही?"

"नाही."

"तरीच," बाजीराव म्हणाले, आणि त्यांना राहवलं नाही. "सिंगल लाइन. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी. म्हणून गोळा. ज्या ड्रायव्हरच्या हातात गोळा, त्याचीच गाडी लाइनीत. तो पुढच्या स्टेशनला गोळा देणार, तेव्हा दुसरी गाडी सुटणार. तर मालगाडी अडली. आमचे साहेब तापट. ट्रॉलीने तिथवर गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, तू निकम्मा आहेस, चालता हो. ड्रायव्हर स्वाभिमानी. पिशवी खांद्याला लावली आणि शेतातून चालत सरळ गावाला गेला. साहेबांनी दुसरं इंजिन लावून मालगाडी काढली, लाइन मोकळी. पण गोळा?"

अतुल चटकन म्हणाला, "गोळा पिशवीत."

"गोळा पिशवीत! लाइन रिकामी, समोर गाडी नाही, तरी नऊ तास एक गाडी सोडता आली नाही. शेवटी मी सायकलने त्याच्या गावाला गेलो, त्याच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि गोळा घेऊन आलो. तेव्हापासून माझा नियम. माणसाला काढायचंय? काढा. पण आधी लाल सिग्नल द्या. लाल सिग्नल दिसला की तो समजतो, आता पुढे काही नाही. मग तो आपल्या पायाने येतो, गोळा देतो, रजिस्टरला सही करतो. मग त्याला कुठे जायचं तिथे जाऊ दे. गोळा हातात असताना माणसाला हाकलायचं नाही, अतुल. कधीच नाही."

अतुलला सकाळचा वेटर आठवला. त्याने वेटरला हाकललं होतं. हाकलायचा नव्हता, फक्त त्याला फोनशी जोडणारी, त्याच्या बाजूची तार बंद करायची होती. तार बंद झाली की वेटरला आपोआप कळलं असतं, की आता निरोप येणार नाही. त्याने चावी जागेवर ठेवली असती आणि तो आपला आपण गेला असता. चार ओळींचं काम. त्या चार ओळी आठ वर्षं त्याच्याच सोफ्यावर बसून चहा पीत होत्या.

तो हे सांगायला तोंड उघडणार, तोच बाजीरावांचा हात सहज सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा बाहेर काढला. हातावर घेऊन पाहिला.

"अरे देवा," ते म्हणाले. "गोळा घेऊन आलो की मी. छत्तीस वर्षं नोकरी केली, आणि गोळा घेऊन घरी आलो."

"चूक माझी, आबा. मी हाकललं."

"ऊठ!" बाजीराव ओरडले. "ऊठ, गाडी काढ! बसलायस काय गोष्टी ऐकत!"

स्कूटर सोसायटीच्या फाटकात शिरली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. ती पूर्ण थांबण्याआधीच बाजीराव उतरले आणि ऑफिसकडे पळाले. अतुल नंदाताईंना तोंड दाखवायला बी विंगेत गेला आणि दारातच थबकला. आत पाय ठेवायला जागा नव्हती. मारुतीराव बटाटे सोलत होते. ए विंगेतल्या बायका जिन्यावरून बादल्या उतरवत होत्या. त्यांच्या टाकीत पाणी काठोकाठ होतं, ही साधी गोष्ट अतुल सोडून सगळ्यांना सुचली होती. भात उतरला होता. आमटीला उकळी फुटली होती.

"हे गेणूभाऊंनी सांगितलं," नंदाताई म्हणाल्या. "प्रत्येक दार वाजवून." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सात वर्षं राहते मी इथे, दादा. ए विंगेतलं कुणी माझ्या चुलीपाशी आलं नव्हतं. आज आमटीची चव बघून गेल्या तिघी." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते कांद्यामुळे नव्हतं. "तुमचं यंत्र बंद पडलं ते बरं झालं."

अतुलच्या कारकिर्दीत त्याच्या कामाला मिळालेली ही सर्वांत मनापासूनची पावती होती. ती कशी घ्यावी हे न कळल्यामुळे तो मारुतीरावांशेजारी बसून बटाटे सोलायला लागला. बाराच्या सुमाराला नळाला पाणी आलं. कँटीनचे साहेब आमटी दोनदा मागून घेऊन जेवले आणि बुधवारपासून सबंध शिफ्टचं जेवण ठरवून गेले.

त्या आठवड्यात अतुलने यंत्र दुरुस्त केलं. आता फोन दोन मिनिटं बोलला नाही, की सर्व्हर हाक मारतो. उत्तर आलं नाही, की मोटर बंद करतो आणि तार मिटतो. वेटर जागा होतो, चावी ठेवतो, वहीत नोंद करतो आणि जातो. गेणूभाऊंना हे त्याने उत्साहाने समजावून सांगितलं.

"म्हंजी दार वाजवायचं, कोन बोललं न्हाई तर व्हॉल्व मिटायचा, चावी खिळ्याला अडकवायची," गेणूभाऊ म्हणाले. "आमी दुसरं काय करत हुतो, सायब? कळलं ना?"

शेवटचे दोन शब्द त्यांनी सावकाश उच्चारले. ऑफिसची किल्ली आता त्यांच्या केबिनमधल्या खिळ्याला असते. सभेच्या इतिवृत्तात, सर्व दुरुस्ती चेअरमनसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली पार पडली, असं लिहिलेलं आहे, आणि अतुलने त्यावर सही केलेली आहे.

पुढच्या सोमवारी साडेसहाला बेल वाजली. "बसत नाही, निघतोच," म्हणत बाजीराव बसले.

"आबा, खिशात काही नाही ना?"

बाजीरावांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले आणि सुरुवात केली. या वेळी कऱ्हाडजवळच्या एका म्हशीची गोष्ट होती. अतुलने लॅपटॉप मिटला आणि ऐकली. म्हैस रुळावर आली, गाडी थांबली, म्हशीची मालकीण आली, गार्डशी तिचं भांडण झालं, आणि गोष्ट चक्क संपली. तिला शेवट होता, आणि चांगला होता. अतुल आणि अनघा दोघंही खळखळून हसले.

बाजीराव टोपी घालून उठले. अनघाने घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून पाच मिनिटं झाली होती.

"अहो आबा, एवढ्यात?" अतुल म्हणाला. "आणखी अर्धा कप घ्या की."

"नको," बाजीराव म्हणाले, आणि न थांबता लिफ्टमध्ये शिरले. "ऐकणारा शेवटपर्यंत पोचला, की गाडी वेळेवर सुटते."